कोणाला किती उंच भिंत लागते?

बातमीत खुनाचा आरोपी मनोरुग्ण निघाला की खाली कमेंट ठरलेल्या, "याला आयुष्यभर डांबून ठेवा". पण सगळ्यांनाच सगळ्यात कडक वॉर्डात ठेवायचं तर काय होतं हे अमेरिकेत दिसलंय. 1966 मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने बॅक्स्ट्रॉम केसचा निकाल दिला आणि न्यूयॉर्कच्या कडेकोट हॉस्पिटल्समधून 967 पेशंट साध्या मनोरुग्णालयांत हलवावे लागले, ज्यांना वर्षानुवर्षं 'धोकादायक' म्हणून आत ठेवलं होतं. पुढच्या चार वर्षांत त्यातल्या साधारण पाचातल्या एकानेच कोणावर हात उगारला.

एवढा अंदाज कसा चुकतो? मला हे गणित फार आवडतं. समजा 1000 पेशंट आहेत, त्यातले खरंच हल्ला करणारे 100, आणि कोण हल्ला करेल हे ओळखणारी आपली टेस्ट दोन्ही बाजूंनी 80 टक्के बरोबर आहे. म्हणजे 100 पैकी 80 सापडले, मस्त. पण उरलेल्या 900 मधल्या 20 टक्क्यांवर, म्हणजे 180 जणांवर ती चुकून लाल शिक्का मारणार, मग शिक्का बसलेले एकूण 260 आणि त्यातले 180 निरुपद्रवी! टेस्ट वाईट नाहीये, मुळात हल्ला करणारेच कमी आहेत, म्हणून असं होतं.

त्यामुळे नुसतं 'धोकादायक आहे का' विचारून भागत नाही. शक्यता वेगळी आणि गांभीर्य वेगळं. एखादा रोज नर्सला ढकलतो, त्याला जास्त स्टाफ असलेला वॉर्ड पुरतो, आणि दुसरा एरवी शांत, पण भ्रमात एकदा जीव घेतलाय, आजार अजून आटोक्यात नाही, पळाला तर ठरावीक माणसाच्या जिवावर बेतेल, त्याला उंच भिंत लागते. डब्लिनच्या डॉक्टरांनी केलेल्या डंड्रम टूलकिटमध्ये, म्हणजे पेशंट तपासायच्या प्रश्नावलीत, किती सिक्युरिटी लागेल आणि किती तातडीने ॲडमिट करायचं हे दोन प्रश्न वेगवेगळे तपासतात.

इंग्लंडमध्ये ब्रॉडमूर, रॅम्प्टन, ॲशवर्थ ही तीन हाय सिक्युअर, म्हणजे सगळ्यात कडक बंदोबस्ताची मनोरुग्णालयं, त्यांच्या खाली मीडियम आणि लो. आणि सिक्युरिटी म्हणजे फक्त कुंपण नाही, जेवण झाल्यावर सुऱ्या-काटे मोजून घेणं हीपण सिक्युरिटी, आणि हा आज गप्प का आहे हे ओळखणारी नर्स ही तर सगळ्यात मोठी. (पौर्णिमेला पेशंट चवताळतात हे मात्र थोतांड आहे, त्यावर वॉर्ड चालवू नये.)

हिंसेचा धोका तपासायच्या एचसीआर-20 नावाच्या यादीत 20 मुद्दे असतात, 10 भूतकाळाचे, 5 आत्ताच्या लक्षणांचे, 5 पुढच्या परिस्थितीचे. भूतकाळ औषधाने पुसला जात नाही, म्हणजे तेवढंच बघितलं तर माणूस कधीच खालच्या लेव्हलला येणार नाही. म्हणून बाकीचे दहा ठरावीक काळाने परत तपासायचे, सुधारणा दिसली की आधी स्टाफबरोबर बाहेर सोडायचं, मग एकट्याला, आणि खालच्या वॉर्डात बेड रिकामा नाही म्हणून त्याला वरच अडकवून ठेवायचं नाही.