जनावरांच्या रक्तातील मेदविद्राव्य जीवनसत्त्वांचे मापन

अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वे पाण्यात विरघळत नाहीत. रक्तात ती प्रथिनांना किंवा मेदकणांना चिकटून फिरतात. त्यामुळे मोजण्याआधी त्यांना तिथून सोडवावे लागते.

रक्तद्रवात अल्कोहोल घालून प्रथिने साकळवतात, मग हेक्झेन घालून नळी जोरात हलवतात. जीवनसत्त्वे वर तरंगणाऱ्या हेक्झेनच्या थरात जातात. तो नायट्रोजनच्या झोताखाली सुकवून उरलेला अंश मिथेनॉलमध्ये घेतात आणि एचपीएलसी यंत्रात, म्हणजे द्रवातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रात, सोडतात. रेटिनॉल (अ) ३२५, तर अल्फा टोकोफेरॉल (ई) २९२ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात वाचतात. अ मोजण्याच्या १९२६ च्या कार-प्राइस पद्धतीत अँटिमनी ट्रायक्लोराइडने येणारा निळा रंग काही सेकंदांतच उतरे. वाचन घेणाऱ्याची धांदलच उडत असणार.

यंत्र कितीही चांगले असले तरी निम्मा निकाल गोठ्यातच लागतो. रेटिनॉल उजेडाने बिघडते. मे महिन्यात सिन्नरकडच्या गोठ्यात मानेच्या शिरेतून रक्त घेतले, की नळीला लगेच फॉइल गुंडाळून ती थंड पेटीतून नाशिकला न्यावी. मात्र नळी थेट बर्फाला टेकू देऊ नये. रक्त गोठून पेशी फुटतात आणि रक्तद्रव लालसर होतो.

गाईचा रक्तद्रव कॅरोटीनमुळे (चाऱ्यातला रंगीत घटक, ज्यापासून अ बनते) पिवळसर दिसतो, म्हशीचा नाही. दोघींच्या तुपाच्या रंगातला फरकही त्यामुळेच. इगतपुरीकडच्या डांगी गाईचे कॅरोटीन ४५० नॅनोमीटरला मोजता येते, म्हशीत त्या मोजणीला फारसा अर्थ नाही. कुत्र्याच्या रक्तात अ जीवनसत्त्व बरेचसे एस्टरच्या (मेदाम्लाशी जोडलेल्या) रूपात असते; नुसते रेटिनॉल पाहिले तर आकडा फसवा येतो.

उन्हाळाभर कोरड्या कडब्यावर काढलेल्या गाईचेही रेटिनॉल ठीक दिसू शकते, कारण यकृतातला साठा संपत येईपर्यंत रक्तातली पातळी फारशी हलत नाही. व्यायच्या सुमारास मात्र अ आणि ई दोन्ही उतरतात. ई मेदकणांसोबत फिरत असल्याने त्याचा आकडा कोलेस्टेरॉलशी ताडून पाहिलेला बरा.

ड साठी त्याचे रक्तात फिरणारे २५-हायड्रॉक्सी रूप मोजतात. उन्हात वाळलेल्या चाऱ्यातून ड२ आणि कातडीतून ड३ येते. काही प्रतिपिंड-आधारित चाचण्यांत ड२ कमी धरले जाते. तिथे मास स्पेक्ट्रोमेट्री (रेणू वजनावरून ओळखण्याची पद्धत) भरवशाची, पण महाग.

के रक्त साकळायला लागते, पण रक्तात फारच थोडे असते, म्हणून बहुधा रक्त साकळायला लागणारा वेळच मोजतात. रक्त साकळू न देणारे उंदीर मारण्याचे औषध खाल्लेल्या कुत्र्यात हीच चाचणी कामी येते.