टायटॅनिक कलंडली का नाही?

टायटॅनिकचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येतं: हिमनगाने बोटीचं पोट फाडलं, तीनशे फूट लांब भगदाड पडलं आणि बोट बुडाली. हे चूक आहे, आणि ते चूक असल्याचं १९१२ सालीच हिशेबाने दाखवलं गेलं होतं.

बोट बांधणाऱ्या हारलँड अँड वुल्फ कंपनीचे अभियंते एडवर्ड वाइल्डिंग यांची ब्रिटिश चौकशीत साक्ष झाली. कोणत्या कप्प्यात साधारण किती वेळात किती पाणी चढलं, हे वाचलेल्या खलाशांनी सांगितलं होतं. त्यावरून वाइल्डिंग यांनी उलटं गणित केलं. एवढं पाणी एवढ्या वेळात शिरायला भोकांचं एकूण क्षेत्रफळ किती हवं? उत्तर आलं सुमारे १२ चौरस फूट. तीनशे फुटांचं भगदाड असतं, तर बोट काही मिनिटांतच तळाला गेली असती. नुकसान जेवढ्या लांबीवर पसरलं होतं तेवढी एकच सलग फट धरली, तर तिची रुंदी भरते पाऊण इंच. पुढे १९९६ मध्ये गाळात रुतलेल्या नाळेकडच्या, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाकडच्या, भागाची ध्वनिलहरींनी (सोनार यंत्राने) तपासणी झाली. तेव्हा सहा अरुंद फटी दिसल्या आणि त्यांचं एकूण क्षेत्रफळही जवळपास तेवढंच निघालं.

पाऊण इंचाची फट ऐकायला क्षुल्लक वाटते. पण पाण्याखाली सहा मीटरवर पाणी सेकंदाला दहा मीटरहून जास्त वेगाने आत घुसतं. घर्षणाची वजावट केली तरी माझ्या ढोबळ हिशेबाने सेकंदाला ७ टन पाणी, म्हणजे तासाला २५ हजार टन. बोटीवरचे सगळे पंप मिळून तासाला सुमारे १७०० टन उपसू शकत होते. बोटीचे या कडेपासून त्या कडेपर्यंत उभ्या केलेल्या पोलादी भिंतींनी १६ कप्पे पाडले होते. पुढचे चार भरले तरी ती तरंगली असती, पण इथे पहिले पाच फुटले. त्या भिंती वरपर्यंत गेलेल्या नव्हत्या. नाळ खाली झुकली तसं पाणी भिंतीच्या माथ्यावरून पुढच्या कप्प्यात ओसंडू लागलं. इथपर्यंतची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते.

मला जास्त विलक्षण वाटते ती दुसरी गोष्ट. १४ एप्रिलच्या रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी टक्कर झाली आणि २ वाजून २० मिनिटांनी बोट दिसेनाशी झाली. मधल्या २ तास ४० मिनिटांपैकी बहुतेक वेळ ती कुशीवर न कलंडता बऱ्यापैकी सरळ उभी होती. टायटॅनिकच्या ज्या कथा आपण शंभर वर्षं सांगत आलोय, त्या सगळ्या या वेळात घडल्या. वाद्यवृंद वाजवत राहिला. जॅक फिलिप्स वायरलेसवर संदेश पाठवत राहिला. इडा स्ट्रॉस यांनी होडीतली जागा नाकारली आणि त्या नवऱ्यापाशी थांबल्या. डेकवर माणसाला पाय रोवून उभं राहता येत होतं, म्हणून हे सारं शक्य झालं.

आता जरा गणित. बोट कलली की पाण्यात बुडालेल्या भागाचा आकार बदलतो. ज्या बाजूला ती झुकते तिकडे जास्त भाग पाण्यात जातो, म्हणून पाण्याचं वर ढकलणारं बल त्या बाजूला सरकतं. वजन मात्र गुरुत्वमध्यातूनच खाली ओढत असतं. या दोन बलांच्या ओढाताणीतून बोट पुन्हा सरळ होते. सरकलेल्या बलाची उभी रेषा बोटीच्या मध्यरेषेला जिथे छेदते, त्या बिंदूला मेटासेंटर म्हणतात. ही कल्पना फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर बुगे यांनी १७४६ मध्ये मांडली. मेटासेंटर गुरुत्वमध्याच्या वर असेल तर बोट सावरते आणि खाली आला तर कलंडते. जहाजांच्या स्थैर्याचं सगळं शास्त्र या दोन बिंदूंमधल्या हातभर अंतरावर उभं आहे.

पाणी आत शिरलं की हेच अंतर धोक्यात येतं. परातीत पाणी घेऊन चालताना परात किंचित तिरकी झाली, तर सगळं पाणी खालच्या कडेला धावतं आणि तिला आणखी तिरकी करतं. मोकळ्या पृष्ठभागाचा हा परिणाम कप्प्याच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून कप्प्याच्या बरोबर मध्ये एक उभी भिंत घातली, तर तो चौथ्या हिश्शावर येतो: प्रत्येक अर्ध्याचा परिणाम एक अष्टमांश, आणि असे दोन अर्धे. मग प्रत्येक बोटीला लांबीच्या दिशेने भिंत का घालू नये? कारण त्या भिंतीच्या एकाच बाजूला पाणी भरलं, तर ते दुसरीकडे जाऊच शकत नाही. सगळं वजन एका बाजूला अडकून पडतं.

लुसिटानिया या ब्रिटिश प्रवासी बोटीचं हेच झालं. तिच्या बॉयलर रूमच्या दोन्ही बाजूंना लांबीच्या दिशेने कोळसा साठवायचे बंकर होते, म्हणजे तशाच भिंती. ७ मे १९१५ रोजी आयर्लंडजवळ जर्मन पाणबुडीचा टॉर्पेडो उजव्या बाजूला लागला, त्या बाजूला पाणी अडकलं आणि बोट झपाट्याने कलली. डावीकडच्या होड्या डेकवर आत झुलल्या. उजवीकडच्या इतक्या बाहेर गेल्या की आत चढायला माणसांना मधल्या पोकळीवरून उडी मारावी लागे. लहानमोठ्या ४८ होड्यांपैकी फक्त ६ नीट सुटल्या. बोट १८ मिनिटांत बुडाली आणि ११९८ माणसं गेली.

टायटॅनिकमध्ये लांबीच्या दिशेची भिंत नव्हती. आत आलेलं पाणी या कडेपासून त्या कडेपर्यंत पसरलं आणि तळाशी साचलं, त्यामुळे एका बाजूला मोठा भार पडला नाही. सुरुवातीला ती उजवीकडे पाचेक अंश झुकली, नंतर डावीकडे. ई डेकवर डाव्या बाजूने एक लांबच लांब बोळ होता, त्याला खलाशी स्कॉटलंड रोड म्हणत. पाणी त्या वाटेने मागे पसरलं, म्हणून कल बदलला, असं बहुतेक अभ्यासक मानतात. पण हा कल होड्या अडकवण्याइतका कधी झाला नाही. २० पैकी १८ होड्या रीतसर खाली सोडता आल्या. उणीव होती ती जागांची: माणसं २२०० च्या वर आणि जागा ११७८. त्यातल्याही कित्येक रिकाम्या गेल्या. सातशेच्या आसपास माणसं वाचली. पाण्यात पडलेल्यांपैकी बहुतेकांना बुडण्याआधी उणे दोन अंशांच्या थंडीनेच मारलं.

नुसत्या जागा वाढवून प्रश्न सुटत नाही, हे दोन वर्षांतच दिसलं. एम्प्रेस ऑफ आयर्लंड या प्रवासी बोटीवर सगळ्यांना पुरतील एवढ्या होड्या होत्या. मे १९१४ मध्ये कॅनडातल्या सेंट लॉरेन्स नदीत कोळशाच्या जहाजाची धडक बसून ती कलली आणि १४ मिनिटांत बुडाली. हजाराहून जास्त माणसं गेली.

आपल्याकडची रामदास बोटही कलंडूनच गेली. १७ जुलै १९४७, गटारी अमावस्या. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली बोट काशाच्या खडकाजवळ खवळलेल्या समुद्रात उलटली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. तिथे निरोप घ्यायला, होडी सोडायला, कोणाला हात द्यायला वेळच नव्हता. कोकणातल्या घराघरांतून तिची आठवण निघते, पण ती गेलेल्या माणसांच्या नावांनी. बोटीवर काय काय घडलं हे सांगायला माणसं फार थोडी उरली.

टायटॅनिकवर शापित ममी होती म्हणून ती बुडाली, ही गोष्ट अजून मोबाइलवर फिरते. ती म्हणजे ब्रिटिश म्युझियममधलं एका ममीचं रंगवलेलं लाकडी झाकण, आणि टायटॅनिक बुडाली तेव्हा ते म्युझियममध्येच होतं. दीड हजार माणसांच्या मृत्यूची कारणं पोलादात, कायद्यात आणि वेगात लख्ख दिसत असताना ती लाकडाच्या फळीवर ढकलणं हा त्या माणसांवर अन्याय आहे.

आज आंतरराष्ट्रीय नियम सांगतो की बोट कोणत्याही बाजूला २० अंशांपर्यंत कलली तरी होड्या खाली सोडता आल्या पाहिजेत. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया खडकावर घासली तेव्हा तिच्यावर चार हजारांहून जास्त माणसं होती. बोट सोडण्याचा हुकूम तासाभराहून जास्त उशिरा निघाला, तोवर कल वाढत गेला. वरच्या बाजूच्या काही होड्या बोटीच्या अंगाला घासत, अडकत खाली आल्या. किनारा अगदी जवळ असूनही त्या रात्री ३२ जण दगावले.