मळीच्या पाण्याचा हट्टी रंग

साखर कारखान्यात उरणाऱ्या मळीपासून (मोलॅसिस) एक लिटर अल्कोहोल काढताना साधारण ८ ते १५ लिटर गडद तपकिरी सांडपाणी निघतं. एवढं कशाला? तर यीस्टसाठी. मळीतल्या साखरेचं अल्कोहोल तेच करतं, पण प्रमाण ८-१० टक्क्यांच्या पुढे गेलं की स्वतःच लुळं पडतं. म्हणून मळीत आधी भरपूर पाणी घालावं लागतं. अल्कोहोल उडवून घेतल्यावर तळाशी राहतं ते ‘स्पेंट वॉश’. बातम्यांत त्याचं ‘मळीमिश्रित पाणी’ होतं.

नदीला यातल्या विषापेक्षा अन्नाचा धोका मोठा. जिवाणू त्यावर तुटून पडतात आणि खाता खाता पाण्यातला प्राणवायू संपवतात. या भुकेचं माप म्हणजे बीओडी. घरगुती सांडपाण्यात तो लिटरमागे २००-३०० मिलिग्रॅम, स्पेंट वॉशमध्ये ५०,००० च्या आसपास. नदीच्या लिटरभर स्वच्छ पाण्यात प्राणवायू असतो जेमतेम ८ मिलिग्रॅम. भागाकार करून पाहा: एक लिटर स्पेंट वॉश सहा हजार लिटर पाण्याचा प्राणवायू फस्त करू शकतं. मासे मरतात ते गुदमरून.

हीच भूक डायजेस्टर नावाच्या बंद टाकीत कामी येते. तिथे हवेविना जगणारे जिवाणू मिथेन तयार करतात, बीओडी ८०-९० टक्के उतरतो, गॅस बॉयलरला जातो. पण बाहेर येणारं पाणी? पुन्हा काळपटच.

हा रंग प्रामुख्याने मेलॅनॉइडिनचा. साखर आणि अमिनो आम्लं एकत्र तापली की ती बनतात. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मायार यांनी १९१२ मध्ये ही अभिक्रिया मांडली. भाकरीवरचे खरपूस डागही तिचेच! आपल्याला चविष्ट वाटणारा हा प्रकार जिवाणूंना मात्र सहजी पचत नाही. पाणी ओतून रंग फिका करता येतो, पण ती निव्वळ धूळफेक.

तेव्हा उपाय एकच: पाणी बाहेर सोडायचंच नाही. ते आटवून काकवीसारखं दाट करतात. काही ठिकाणी प्रेसमडवर, म्हणजे उसाचा रस गाळून उरलेल्या गाळावर, फवारून कंपोस्ट होतं, पण पावसाळ्यात उघड्यावर ते जमत नाही. मोठ्या डिस्टिलऱ्या हा दाट द्रव खास बॉयलरमध्ये जाळतात. मेलॅनॉइडिन जळून जातात आणि राखेत सापडतं पोटॅश, उसाने जमिनीतून ओढलेलं. आपण हे खत जवळजवळ सगळं आयात करतो. म्हणूनच २०२१ मध्ये मळीपासूनचं, १४.५ टक्के पोटॅश असलेलं खत केंद्राच्या अनुदान यादीत आलं. आता ते ‘पीडीएम’ (पोटॅश डिराइव्ह्ड फ्रॉम मोलॅसिस) नावाने पोत्यांतून विकलं जातं.