खिळ्याविना टिकलेल्या खुर्च्या

चीनमधल्या मिंग काळातल्या (१३६८–१६४४) खुर्चीला फळीची बैठक असेल, तर ती चौकटीला खिळ्यांनी ठोकलेली नसते. फळीच्या कडा चौकटीच्या आतल्या खोबणीत नुसत्या सरकवलेल्या असतात आणि थोडी फट मुद्दाम ठेवलेली असते.

लाकूड हवेतली ओल शोषतं, सोडतं. लाकडातल्या उभ्या रेषांच्या दिशेने त्याची लांबी जवळजवळ बदलत नाही. आडवी रुंदी मात्र फुगते, आक्रसते. पावसाळ्यात दार चौकटीत अडतं ते यामुळेच. रुंद फळी चारही बाजूंनी जखडली, तर कोरड्या हिवाळ्यात ती मधोमध तडकणार. खोबणीत ती मोकळेपणी हलते, आणि चौकटीचं माप तसंच राहतं. चौकटीचे कोपरे कुसू (लाकडाच्या टोकाला कोरलेली बारीक जीभ) आणि ते ज्यात बसतं ती खाच यांच्या सांध्यांनी जोडलेले असतात.

ही कारागिरी जमली ती लाकूड कठीण आणि घट्ट पोताचं होतं म्हणून. मऊ लाकडात इतकं नाजूक कुसू टिकत नाही. हैनान बेटावरचं सोनेरी 'ह्वांगह्वाली' हे आपल्या शिसवीच्याच कुळातलं. त्याहून गडद 'झितान' म्हणजे प्रामुख्याने रक्तचंदन. ते आंध्रातल्या डोंगरांत वाढतं आणि पाण्यात बुडण्याइतकं जड असतं.

गोल पाठीच्या खुर्चीत तर खरी परीक्षा. पाठ आणि हात मिळून एकच कमान होते, पण ती तीन किंवा पाच तुकड्यांची असते. एकाच फळीतून कोरली असती, तर वळणावर रेषा आडव्या कापल्या जाऊन ती तिथेच मोडली असती. तुकड्यांची टोकं एकमेकांत अडकवतात आणि मधून एक पाचर ठोकतात. पाठीची मधली पट्टीही मणक्याच्या बाकाला जुळेल अशी जाड लाकडातून कोरून काढलेली असते. एवढं महाग लाकूड भुशात घालवायचं, म्हणजे हौसच म्हणायची!

पायांमधल्या आडव्या दांड्या बऱ्याचदा एका उंचीवर नसतात: पुढची सर्वांत खाली, बाजूच्या थोड्या वर, मागची आणखी वर. एकाच ठिकाणी दोन खाचा आल्या असत्या, तर पाय तिथेच कमकुवत झाला असता. पुढच्या खालच्या दांडीवर पाय ठेवायची सोयही होते.

डेन्मार्कचा फर्निचर-रचनाकार हान्स वेग्नर याने या खुर्च्यांवरून प्रेरणा घेऊन १९४४ मध्ये 'चायना चेअर' आणली. पुढे त्याच्या 'विशबोन' खुर्चीची कमान वाफेवर वाकवलेल्या एकाच लाकडाची झाली. वाकवलेल्या लाकडात रेषा वळणाबरोबरच वळतात, म्हणून तिथे तुकडे जोडायची गरज उरली नाही.