पोयाक (रेड वाइन)

पोयाक : फ्रान्सच्या नैर्ऋत्य भागात, बोर्दो शहराच्या उत्तरेस सुमारे ५० किमी.वर, झिरोंद नदीमुखाच्या डाव्या काठावरील पोयाक या गावाच्या परिसरात तयार होणारी रेड वाइन. या नावाला १९३६ पासून कायद्याचे संरक्षण असून ठरवून दिलेल्या हद्दीतील द्राक्षांच्या रेड वाइनलाच ते लावता येते. लागवडीचे क्षेत्र जेमतेम १,२०० हेक्टरांचे आहे. तरीही तिसऱ्या नेपोलियनच्या काळात, १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनासाठी केलेल्या प्रतवारीतील अव्वल श्रेणीच्या आजच्या पाच मळ्यांपैकी शातो लाफिट रोथशिल्ड, शातो लाटूर आणि शातो मूटाँ रोथशिल्ड हे तीन येथलेच आहेत. यांपैकी मूटाँ १८५५ मध्ये दुसऱ्या श्रेणीत होता. त्याला १९७३ मध्ये बढती मिळाली, आणि त्या मूळ प्रतवारीत झालेल्या अगदी मोजक्या बदलांत हा सर्वांत गाजलेला ठरला.

येथील जमीन गोट्या-खडीच्या उंचवट्यांची आहे. पाणी झटकन निचरून जाते, खडी दिवसभर तापते आणि मुळांना खोल जावे लागते. उशिरा पिकणाऱ्या कॅबरने सोव्हिन्यॉन या जाड सालीच्या लहान द्राक्षाला असे रान मानवते. वाइनमध्ये बहुतेक वेळा याच वाणाचे प्रमाण सर्वाधिक असते. मेर्लो हे द्राक्ष तिला मांसलपणा देते, तर कॅबरने फ्रँक आणि पती व्हेर्दो ही द्राक्षे थोड्या प्रमाणात मिसळली जातात. किण्वन झाल्यावर वाइन २२५ लिटरच्या ओक पिंपांत साधारणपणे दीड वर्ष राहते. या काळात ती ठरावीक अंतराने एका पिंपातून दुसऱ्यात काढतात, म्हणजे तळाचा साका मागे राहतो आणि तिला थोडी हवाही लागते. अनेक मळ्यांत ती नितळ करण्यासाठी अंड्याचा पांढरा बलक वापरण्याची जुनी पद्धत अजून टिकून आहे.

पोयाकचे मुरणे, तिचा आस्वाद आणि तिच्याबरोबरचे अन्न या तिन्हींच्या मुळाशी टॅनिन हा घटक आहे. द्राक्षाची साल, बिया आणि काही अंशी ओकचे लाकूड यांतून तो येतो आणि लाळेतील प्रथिनांना बांधतो; त्यामुळे जांभूळ खाल्ल्यावर जीभ ओढल्यासारखी होते तशी संवेदना होते. नव्या पोयाकमध्ये हा तुरटपणा इतका दाट असतो की पहिल्या पाच वर्षांत उघडलेली उत्तम बाटली अनेकांना निव्वळ कठोर वाटते. हा दोष वाइनचा नसून घाईचा असतो. कालांतराने टॅनिनचे रेणू एकमेकांशी व रंगद्रव्यांशी जोडले जाऊन मोठे होतात, काही तळाशी बसतात आणि तुरटपणा मऊ होतो. चांगल्या हंगामाच्या प्रतवारीतील वाइनला साधारण दहा ते वीस वर्षे, तर अव्वल मळ्यांच्या वाइनला त्याहून बरीच अधिक लागतात; १९४५, १९६१ आणि १९८२ हे हंगाम त्यासाठी विशेष नावाजले गेले. तयार होण्याआधीच वाइन विकण्याची बोर्दोची रीत शातो लाटूरने २०१२ मध्ये सोडली आणि पिण्याजोगी झाल्यावरच ती बाजारात आणण्याचे ठरवले, हा निर्णय या दृष्टीने अर्थपूर्ण आहे.

साठवणीसाठी १२ ते १४ अंश सेल्सिअसचे स्थिर तापमान, अंधार आणि बूच सुकणार नाही इतकी दमट हवा लागते. बाटली आडवी ठेवतात. महाराष्ट्रातील उन्हाळ्यात कपाटात ठेवलेली बाटली मुरत नाही, बिघडते. लहान बाटलीतील वाइन लवकर मुरते, दीड लिटरच्या बाटलीतील सावकाश.

जुनी बाटली उघडण्याच्या आदल्या दिवशी उभी करून ठेवतात, म्हणजे साका तळाशी जमतो. बूच हलक्या हाताने काढून, मानेखाली मेणबत्ती किंवा विजेरी धरून वाइन काचेच्या सुरईत एका धारेने ओततात आणि साक्याची पहिली काळी रेघ खांद्याशी दिसताच थांबतात. तरुण वाइन अशी दोन-तीन तास आधी ओतून ठेवावी. अतिवृद्ध वाइन मात्र वाढण्याच्या वेळीच ओतावी, कारण तिचा गंध हवेत लवकर विरतो. वाढताना तापमान १६ ते १८ अंश असावे. रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी हा सल्ला थंड युरोपीय घरांसाठी होता. आपल्याकडे बाटली आधी फ्रिजमध्ये थोडा वेळ ठेवावीच लागते, नाहीतर अल्कोहोलचाच भपकारा पुढे येतो.

पेला पांढऱ्या कागदावर तिरका धरला असता तरुण वाइनची कड जांभळट, तर मुरलेलीची विटकरी दिसते. नव्या वाइनला ब्लॅककरंट (एक लहान, काळे आंबटगोड फळ), देवदाराचे लाकूड आणि नुकत्याच तासलेल्या पेन्सिलीचा गंध येतो, आणि ही पेन्सिल पोयाकची ओळखखूण मानली जाते. द्राक्षे नीट न पिकलेल्या थंड वर्षी त्यात हिरव्या ढोबळी मिरचीची छटा उतरते. मुरल्यावर तंबाखू, चामडे, ओला पालापाचोळा असे गंध वर येतात. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला, तर बूच दूषित आहे असे समजावे.

अन्नातील प्रथिने व चरबी टॅनिनला बांधून घेतात, म्हणून भाजलेले मांस हा या वाइनचा स्वाभाविक सोबती होय. पोयाकचे दुधावर वाढवलेले कोकरू प्रसिद्ध असून ते ओव्हनमध्ये भाजतात. बोर्दोकडे बीफचे जाड काप द्राक्षवेलींच्या छाटणीच्या काड्यांवर शेकण्याचीही रीत आहे आणि त्या धुराचा वास तरुण वाइनला पेलतो. जुन्या, नाजूक झालेल्या वाइनबरोबर साधे भाजलेले बदक किंवा अळंबी पुरेशी होतात. चीज कोंतेसारखे कठीण व मुरलेले घ्यावे. मासळीबरोबर मात्र तोंडात धातूसारखी चव उतरते. तिखट रश्श्याशीही तिचे जमत नाही, कारण मिरचीची आग तुरटपणा आणि अल्कोहोल दोन्ही वाढवते. मटण या वाइनबरोबर खायचे असेल तर मीठ, मिरी आणि लसूण लावून भाजलेले, कमी तिखटाचे असावे.