पाळीचं अ‍ॅप पुढची तारीख काढतं कशी?

सौंदत्तीच्या यल्लम्माची जत्रा असो की घरचा गणपती, बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घरांत बायकांचा एक हिशेब आधी होतो: मधे पाळी येते का? पूर्वी भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दुधाच्या आणि गॅसच्या नोंदीशेजारी, एक बारीक फुली असायची. आता ती मोबाइलमधल्या अ‍ॅपमध्ये गेली. पण कॅलेंडर गप्प बसायचं, अ‍ॅप पुढची तारीखही सांगतं. तेही इतक्या ठामपणे की पंचांगच वाटावं.

अ‍ॅपला शरीरातलं काहीच दिसत नाही. आपण भरलेल्या तारखांमधलं अंतर मोजायचं, सरासरी काढायची आणि ती शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात मिळवायची, बहुतेक अ‍ॅपचा पाया एवढाच. नोंदी कमी असतील तर सहसा 28 दिवस धरले जातात. प्रत्यक्षात काय होतं? एका अ‍ॅपवरच्या 6 लाखांहून अधिक चक्रांचा अभ्यास 2019 साली प्रसिद्ध झाला. त्यात सरासरी 29.3 दिवस निघाली, आणि बरोबर 28 दिवसांची चक्रं जेमतेम 13 टक्के!

तारीख का हलते, ते बघू. पाळीच्या पहिल्या दिवसापासून अंडाशयातून बीज सुटेपर्यंत चक्राचा पहिला भाग, तिथून पुढच्या पाळीपर्यंत दुसरा. बीज सुटलं की त्या जागी उरलेली पेशींची पिवळसर गाठ प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक (हार्मोन) तयार करते. गर्भ राहिला नाही तर ती साधारण दोन आठवड्यांत विरते, प्रोजेस्टेरॉन घसरतं, गर्भाशयाचं अस्तर सुटतं आणि पाळी येते. या दुसऱ्या भागात फार चढउतार होत नाही. खरी ओढाताण पहिल्या भागात. आजारपण, परीक्षेचा ताण, एकदम घटलेलं वजन यांमुळे मेंदूकडून अंडाशयाला जाणारे संदेश मंदावतात, बीज आठवडाभर उशिरा सुटतं आणि पाळीही तेवढीच लांबते. जपानचे ओगिनो आणि ऑस्ट्रियाचे क्नाउस या दोन डॉक्टरांनी 1920च्या दशकात वेगवेगळं काम करून हेच मांडलं: बीज सुटल्याचा दिवस पुढच्या पाळीपासून मागे मोजायचा. म्हणजे पाळी येऊन गेल्यावरच तो दिवस कळणार. अ‍ॅप मात्र तो आधीच रंगवून मोकळं होतं. शुक्राणू शरीरात 5 दिवसांपर्यंत टिकू शकतात, त्यामुळे गर्भ राहू नये म्हणून निव्वळ तारखांवरून काढलेल्या ‘सेफ’ दिवसांवर विसंबू नये.

आता जत्रेच्या गोळ्या. पाळी पुढं ढकलायला नॉरएथिस्टेरॉन देतात. ते प्रोजेस्टेरॉनसारखं काम करून अस्तर धरून ठेवतं, आणि गोळी थांबवल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते. गोळी सहसा अपेक्षित तारखेच्या 3 दिवस आधी सुरू करायची असते. अ‍ॅपची तारीख चार दिवसांनी चुकली तर ऐन वेळी पंचाईत. शिवाय गोळी थांबवल्यावरचा रक्तस्राव अ‍ॅप नेहमीची पाळी समजून सरासरीत ओढतं, म्हणून ‘गोळी घेतली होती’ असं तिथंच लिहावं. शेजारणीच्या सांगण्यावरून ही गोळी घेणं मला मुळीच पटत नाही. रक्ताच्या गुठळीचा किंवा यकृताचा त्रास असेल, दिवस गेल्याची शंका असेल, तर आधी डॉक्टर. (देवीला पाळीची अडचण असते का, हा प्रश्न विज्ञानाच्या हद्दीबाहेरचा, माझं उत्तर ‘नाही’ असं आहे.)

भविष्य सांगण्यापेक्षा नोंद ठेवण्यात अ‍ॅप जास्त कामाचं. दवाखान्यात पहिला प्रश्न असतो, “शेवटची पाळी कधी आली?” कर्नाटकातल्या गरोदर बाईच्या तायी कार्डावर हीच तारीख लिहितात, तिच्यात 280 दिवस मिळवून बाळंतपणाचा अंदाज बांधतात. चक्र सतत 21 दिवसांपेक्षा कमी किंवा 35 पेक्षा जास्त, तीन महिने पाळीच नाही, तासाभरात पॅड भिजतो, असं असेल तर त्या नोंदी घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जावं. वयात नुकत्याच आलेल्या मुलींची पाळी पहिली काही वर्षं मागेपुढे होते, त्याला एवढं घाबरायचं कारण नाही.

ही माहिती जाते कुठं, हेही बघायला हवं. लाखो बायका वापरत असलेल्या फ्लो या अ‍ॅपनं खासगी माहिती फेसबुक, गुगलसारख्या कंपन्यांना दिल्याचा आरोप अमेरिकेच्या व्यापार आयोगानं ठेवला होता. 2021 साली ते प्रकरण तडजोडीनं मिटलं. नोंदी फोनमध्येच ठेवणारी अ‍ॅपही मिळतात. आणि घरात फोन एकच, तोही भावाच्या नाहीतर नवऱ्याच्या हातात, अशी गत असेल तर अ‍ॅपला पिन लावावा, नाहीतर सरळ वही वापरावी. सरासरी तिथंही काढता येते.