केस आज गळतात, कारण तीन महिने मागे असते

डिसेंबर 2024 ते जानेवारी 2025 या काळात बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव परिसरातल्या गावांमध्ये माणसांचे केस अचानक झडू लागले आणि काही दिवसांतच अनेकांना टक्कल पडले, ही बातमी महाराष्ट्रभर गाजली. सुरुवातीचा संशय पाण्यावर गेला. तपासलेल्या पाण्यात क्षार आणि नायट्रेट जास्त आढळल्यामुळे तो स्वाभाविकही होता. पुढे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी गव्हाकडे लक्ष वेधले. विंचूदंशावरील उपचारांमुळे कोकणाला त्यांचा परिचय आहे. त्यांच्या तपासणीनुसार तिथे खाल्ल्या जाणाऱ्या गव्हात सेलेनियम या मूलद्रव्याचे प्रमाण फारच जास्त होते आणि बाधितांच्या शरीरातही ते वाढलेले आढळले.

ही बातमी वाचताना मला कोकणातील एक जुनी समजूत आठवत राहिली. घाटावरून लग्न होऊन आलेल्या सुनेचे केस चार-सहा महिन्यांत गळू लागले की घरातली जाणती माणसे सांगतात, ‘इथले पाणी बाधले.’ खाडीकाठच्या अनेक गावांत मे महिन्यात विहिरीचे पाणी मचूळ होते आणि जांभ्याच्या मुलखात काही ठिकाणी ते लोहामुळे तांबूस दिसते, त्यामुळे ही समजूत पटण्याजोगी वाटते. अशा पाण्याने केस राठ होतात, त्यांचा गुंता वाढतो आणि विंचरताना ते तुटतात, हेही खरे आहे. परंतु केस तुटणे आणि केस गळणे या दोन निरनिराळ्या घटना आहेत. त्वचेबाहेर दिसणारा केस हा केराटिन या प्रथिनाचा निर्जीव तंतू असतो. तो घडवणारे कूप त्वचेत काही मिलिमीटर खोल असते आणि डोक्यावरून ओतलेले पाणी तिथवर पोहोचत नाही. फणीत आलेला केस उजेडात धरून पाहावा. त्याच्या एका टोकाला बारीक पांढरी गाठ असेल तर तो मुळापासून गळलेला आहे आणि दोन्ही टोके नुसती तुटकी असतील तर दोष तंतूत आहे. ती पांढरी गाठ पाहून अनेक स्त्रिया घाबरतात, कारण केस मुळासकट उपटला गेला असे त्यांना वाटते. प्रत्यक्षात केस घडवणारे कूप जागेवरच असते आणि ही गाठ म्हणजे विश्रांती घेऊन बाहेर पडलेल्या केसाचे वाळलेले टोक असते.

ही विश्रांती समजून घेतली तर केसगळतीविषयीची निम्मी भीती आपोआप ओसरते, म्हणून तिच्याविषयी सविस्तर लिहितो.

माणसाच्या डोक्यावर सुमारे 1,00,000 केस असतात आणि त्यांतील प्रत्येक केस स्वतःच्या स्वतंत्र चक्रातून जातो. पहिली अवस्था वाढीची. ती साधारण 2 ते 6 वर्षे चालते आणि या काळात केस महिन्याला सुमारे 1 सेंटीमीटर वाढतो. तिच्यानंतर दोन-तीन आठवड्यांची संक्रमणाची अवस्था येते, ज्यात कूप आकसते आणि केसाचा रक्तपुरवठ्याशी असलेला संबंध तुटतो. तिसरी अवस्था विश्रांतीची, सुमारे 3 महिन्यांची. या काळात केस वाढत नाही, पण गळतही नाही, नुसता जागेवर अडकून राहतो. ती संपली की तो सुटतो आणि त्याच कुपातून नवा केस वर येऊ लागतो. कोणत्याही दिवशी आपले साधारण 85 ते 90 टक्के केस वाढीच्या अवस्थेत असतात आणि 10 टक्क्यांच्या आसपास विश्रांतीत. आता गणित करून पाहावे. विश्रांतीतील 10,000 केस सुमारे 100 दिवसांत गळायचे असतील, तर दिवसाला 100 केस गळणे हे निरोगी डोक्याचेच लक्षण ठरते.

आंब्याचे झाड वर्षभर थोडी थोडी पाने टाकते आणि तरीही हिरवेगार दिसते, तर साग उन्हाळ्यात सगळी पाने एकदम टाकून उघडा पडतो. आपले डोके आंब्यासारखे चालते, कारण शेजारशेजारच्या केसांची चक्रे एकमेकांशी जुळलेली नसतात. मात्र शरीरावर मोठा आघात झाला, म्हणजे खूप ताप आला, मोठी शस्त्रक्रिया झाली, फार रक्त गेले किंवा जेवण एकाएकी तोडले, तर वाढीत असलेल्या केसांपैकी पुष्कळसे केस एकाच वेळी वाढ थांबवून विश्रांतीत जातात. समजा, विश्रांतीतल्या केसांचे प्रमाण 10 वरून 30 टक्क्यांवर गेले. त्या दिवशी काहीच दिसणार नाही. पुढचे दोन-तीन महिनेही काही दिसणार नाही. नंतर मात्र रोज 300 केस हातात येऊ लागतील आणि ते येऊ लागेपर्यंत मूळचा आघात विस्मरणात गेलेला असेल. अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन यांनी 1961 मध्ये या प्रकाराचे वर्णन करून त्याला टेलोजेन एफ्लुव्हियम असे नाव दिले. कोकणात लावणीच्या दिवसांत, जुलैमध्ये, डेंग्यू किंवा लेप्टोचा ताप येऊन गेलेल्या स्त्रीचे केस ऑक्टोबरमध्ये, ऐन दिवाळीच्या सुमारास गळतात, ते यामुळे.

कुपाच्या आत हा निर्णय होतो कसा, हा माझ्या दृष्टीने जीवशास्त्रातील अत्यंत सुंदर प्रश्नांपैकी एक आहे. कुपाच्या तळाशी पेशींचा एक छोटा पुंजका असतो, त्याला डर्मल पॅपिला म्हणतात. थोडे वर, एका फुगवट्यात, मूलपेशींचा साठा असतो. विश्रांतीच्या काळात बीएमपी नावाच्या प्रथिनांचे संदेश या मूलपेशींना निद्रिस्त ठेवतात. ते संदेश क्षीण होऊन डब्ल्यूएनटी गटातील प्रथिनांचे संदेश बळावले की पेशी विभाजन पावू लागतात, त्यांच्या लेकी खाली सरकतात, पॅपिलाला वेढतात आणि नव्या केसाची घडण सुरू होते. वाढ थांबवण्याचा संदेश देणाऱ्यांत एफजीएफ-5 हे प्रथिन महत्त्वाचे आहे. ज्या उंदरांमध्ये त्याचे जनुक निकामी असते, त्यांच्या केसांची वाढ वेळेवर थांबत नाही आणि त्यांची लव नेहमीपेक्षा कितीतरी लांब होते. केसाची लांबी ही मुख्यतः वाढीचा काळ किती लांबतो यावर ठरते, हे यातून उत्तम कळते. वाढीच्या अवस्थेतील कुपाच्या तळाच्या पेशी शरीरातील सर्वाधिक वेगाने विभाजन पावणाऱ्या पेशींपैकी आहेत, म्हणून त्यांना भरपूर ऊर्जा आणि प्रथिने लागतात आणि शरीर संकटात सापडले की त्यांचे काम लवकर थांबते.

काही आघात मात्र याहून निराळे असतात. कर्करोगावरील औषधे वाढत्या केसाच्या पेशींवरच घाव घालतात, त्यामुळे केस दोन-तीन आठवड्यांतच झडतात. सेलेनियम फार झाले तर केराटिनमधील गंधकाची जागा ते घेते आणि केस ठिसूळ होतो, असे मानले जाते. म्हणून शेगावच्या केसगळतीचा वेग आणि बाळंतपणानंतरच्या केसगळतीचा वेग यांत इतका फरक आहे.

बाळंतपणाचा उल्लेख आला, तर तेही पाहू. गरोदरपणात इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाचे प्रमाण वाढलेले असते आणि त्यामुळे केस वाढीच्या अवस्थेत जास्त काळ टिकतात. एरवी गळले असते ते केसही डोक्यावर राहतात आणि वेणी जाड दिसते. प्रसूतीनंतर इस्ट्रोजेन झपाट्याने उतरते, थोपवलेले केस एकत्र विश्रांतीत जातात आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्याच्या सुमारास एकत्र गळतात. बाळ हसू लागले की आईचे केस गळतात, असे आपल्या आयाबाया सांगत आल्या आहेत. त्यांचे निरीक्षण अचूक आहे, कारण बाळ खळखळून हसण्याचा काळही तोच असतो. मात्र या निरीक्षणातून कोणाची तरी नजर लागली असा निष्कर्ष काढून मीठमोहऱ्या ओवाळल्या जातात, कोणी देवस्की करायला सांगतो, तेव्हा त्या ओल्या बाळंतिणीच्या मनावर नाहक ओझे पडते. तिचे केस बहुधा सहा महिने ते वर्षभरात पुन्हा भरून येणार असतात आणि तिला सर्वात आधी हेच सांगितले पाहिजे.

तीन महिन्यांच्या या अंतरामुळे कारण जसे चुकीचे ठरते, तसे श्रेयही चुकीच्या ठिकाणी जाते. केस गळू लागल्यावर घाबरून एखादी स्त्री महागडे तेल आणते. ते तेल लावायला लागून तीन-चार महिने होतात तोवर मूळचा आघात पचून नवे केस आपोआप वर आलेले असतात, आणि तेलाच्या बाटलीवरील छायाचित्रावर तिचा विश्वास बसतो. जाहिरातींचा मोठा बाजार या अंतरावर उभा आहे. खोबरेल तेलाविषयी मला आदर आहे. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात असे दिसले, की खोबरेलातील लॉरिक आम्ल केसाच्या तंतूत शिरते आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करते. सूर्यफुलाच्या किंवा खनिज तेलाने तसे होत नाही. मचूळ पाण्याच्या गावात केस तुटू नयेत म्हणून न्हाण्याआधी खोबरेल लावणे योग्यच आहे. पण त्यात जास्वंद घाला की माका, कुपाला निद्रेतून जागे करणे हे त्या तेलाचे काम नव्हे.

केसांच्या गोळ्यांविषयी तर अधिक सावध राहावे. त्यांत पुष्कळदा सेलेनियम असते, आणि ते मर्यादेबाहेर गेले तर काय होते ते आपण वर पाहिले. अ जीवनसत्त्व जास्त झाले तरी केस गळतात. अशा गोळ्यांत असणाऱ्या बायोटिन या जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेमुळे रक्ताच्या काही चाचण्यांचे निष्कर्ष चुकतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2017 मध्ये दिला होता. अशा चुकीच्या ठरू शकणाऱ्या चाचण्यांत थायरॉइडची चाचणीही येते, म्हणजे केसगळतीचे खरे कारण शोधण्यासाठी जी चाचणी हवी तीच बिघडते. रक्त देण्याआधी बायोटिन घेत असल्याचे डॉक्टरांना अवश्य सांगावे.

आघात झाल्याचे आठवत नसेल आणि केस महिनोन्महिने गळत असतील, तर हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि थायरॉइड या तपासण्या आधी कराव्यात. फेरिटिन हा शरीरातील लोहाच्या साठ्याचा अंदाज देतो आणि हिमोग्लोबिन ठीक असतानाही तो साठा रिता असू शकतो. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे, त्यामुळे ही शक्यता कधीच दूरची नसते. पाळीत जास्त रक्त जाणे हे त्याचे मोठे कारण आहे. शिवाय दूषित ओल्या मातीत अनवाणी वावरताना अंकुशकृमी पायांच्या त्वचेतून शरीरात शिरतात आणि आतड्यात राहून रक्त शोषतात. लोहाच्या गोळ्या घेत असताना त्यांच्या आगेमागे चहा टाळावा, कारण चहा लोहाचे शोषण कमी करतो.

स्त्रियांमधील दुसरा मोठा प्रकार अगदी निराळा आहे. त्यात पुंजके हातात येत नाहीत. भांग वर्षागणिक रुंद होत जातो, माथ्यावरचे केस विरळ होतात आणि कपाळाकडची कड बहुधा शाबूत राहते. जर्मन त्वचारोगतज्ज्ञ लुडविग यांनी 1977 मध्ये याच्या तीन पायऱ्या वर्णिल्या. इथे कुपे दर चक्रागणिक लहान होत जातात, वाढीचा काळ आखूड होतो आणि जाड केसाच्या जागी लवेसारखा बारीक केस येतो. आनुवंशिकता यात महत्त्वाची आहे. पाळी अनियमित असेल, चेहऱ्यावर लव किंवा मुरमे वाढत असतील, तर पीसीओएस, म्हणजे अंडाशयाशी निगडित संप्रेरकांच्या असंतुलनाची, तपासणी करून घ्यावी. हा प्रकार आपोआप भरून येत नाही. त्यावर सर्वाधिक पुरावा असलेले औषध म्हणजे डोक्याला लावायचे मिनॉक्सिडिल. मूळचे हे रक्तदाबावरचे औषध. ते घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढलेले दिसल्यामुळे त्याचा हा उपयोग लक्षात आला आणि अमेरिकेत स्त्रियांसाठी त्याचे 2 टक्क्यांचे द्रावण 1991 मध्ये मान्य झाले. ते विश्रांतीचा काळ आखूड करते, म्हणून पहिल्या काही आठवड्यांत जुने केस उलट जास्तच गळतात आणि याच टप्प्यावर घाबरून अनेक जणी ते सोडून देतात. परिणाम दिसायला चार ते सहा महिने लागतात आणि औषध थांबवले की मिळालेला लाभही काही महिन्यांत जातो. गरोदर आणि स्तनपान देणाऱ्या स्त्रियांनी ते वापरू नये.

घट्ट अंबाड्याने किंवा ताणून बांधलेल्या वेणीने कानशिलांजवळचे केस जात असतील, तर केशरचना वेळीच सैल केल्याने ते परततात. चाई पडणे, म्हणजे नाण्याएवढ्या गोल भागातील केस अचानक जाणे, हा किडीचा प्रताप नाही. त्यात शरीराची प्रतिकारशक्तीच कुपांवर हल्ला करते, म्हणून त्या जागी लसूण किंवा कांदा चोळून कातडी भाजून घेऊ नये.

या सगळ्यांत थोडे थांबून पाहायला अवधी असतो. एका प्रकारात तो नसतो. केस गेलेल्या जागी आग होत असेल, दुखत असेल, लाली किंवा खपल्या दिसत असतील आणि त्वचा गुळगुळीत होऊन तिच्यावरची कुपांची बारीक छिद्रे नाहीशी होत असतील, तर तिथे दाहामुळे कुपेच नष्ट होऊन व्रण तयार होत आहेत. गेलेली कुपे कोणत्याही औषधाने परत येत नाहीत, पण पसरणारा दाह थांबवता येतो. अशा वेळी तेल बदलून पाहण्यात महिने न घालवता, त्याच आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे.